भावाचं लिव्हर, माझी जीभ

चूक माझी होती, आणि ती एका वाक्याची होती. "लिव्हर कशानं जातं, ते तुम्हाला सांगायला पाहिजे का?" एवढंच बोललो होतो मी. माझ्या मोठ्या भावाबद्दल, त्याच्या पाठीमागे, कांचघरच्या बाजारात, हातात भाजीची पिशवी धरून. समोर आमच्या विहाराचे सचिव उभे होते. माझ्या भावाने जन्मात दारूचा थेंब घेतलेला नव्हता. हे मला कळत्या वयापासून ठाऊक होतं. फक्त त्या दोन दिवसांत ठाऊक नव्हतं, आणि बोलायला मी तेच दोन दिवस निवडले.

आमचे वडील भंडाऱ्याकडून जबलपूरला आले ते फॅक्टरीतल्या नोकरीसाठी. तेव्हा भंडारा आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. पुढे राज्यं नव्याने आखली गेली, नातेवाईक तिकडच्या राज्यात गेले, आम्ही इकडे राहिलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. माझी मुलं मराठी समजतात, उत्तर हिंदीत देतात. भावाचं मराठी मात्र अजून वडिलांसारखंच आहे, आणि दुसरं काहीच वडिलांसारखं नाही. वडील प्यायचे. शेवटी त्यांचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. ते गेले तेव्हा भाऊ एकोणीस वर्षांचा होता आणि मी शाळेत. आमच्या घरात लिव्हर हा शब्द तेव्हापासून एकाच अर्थाने ऐकू यायचा. कुणाचं लिव्हर बिघडलं म्हटलं की पुढचं विचारायची गरज नसे.

वडिलांच्या जागेवर भावाला फॅक्टरीत घेतलं. लहानपणी आमच्याकडे काळाच चहा असायचा, कारण पगार घरापर्यंत पोचत नसे. नोकरीच्या पहिल्या महिन्यात भावाने म्हशीच्या दुधाचा रतीब लावला. चुलीवर दूध उकळताना तो समोर बसून राहायचा. दूध त्याच्यासाठी नुसतं खाणंपिणं नव्हतं. ज्या घरात दूध उकळतं त्या घरात माणूस पीत नाही, असा त्याचा हिशेब होता, आणि तो त्याने पुढची सगळी वर्षं पाळला.

सकाळी दूध-पोळी. दुपारी भातावर घट्ट दही, वर साखर. वहिनी तुपासाठी साय साठवायची, तर भांडं भरायच्या आधीच भाऊ चमचा घेऊन हजर. संध्याकाळी डेअरीवरच्या कढईतलं आटलेलं दूध, बोटभर जाड मलई घालून, वेलची टाकून. सणावाराला खव्याची जिलेबी, आणि सणवार नसला तर शनिवार. वहिनी बोलली की तो म्हणायचा, "आपलं व्यसन पांढरं हाय. पांढऱ्या व्यसनानं कोणाचं घर बुडालं सांग."

या दुधाचा उपयोग त्याने एका मोठ्या कामासाठी केला. रविवारी विहारात वंदना झाली की पंचशील तो द्यायचा. म्हणजे एकेक ओळ तो म्हणणार, लोक मागून म्हणणार. पाचवं शील दारू न पिण्याचं. ज्याला दारू सोडायची असेल त्याने पुढे येऊन ती ओळ एकट्याने म्हणायची, अशी आमच्याकडे रीत पडली होती, आणि ती भावानेच पाडली होती. त्यानंतर तो त्या माणसाला थेट डेअरीवर घेऊन जायचा. आपल्या हाताने कढईतल्या दुधाचा ग्लास द्यायचा. म्हणायचा, "आता संध्याकाळ झाली की पाय इकडं वळले पाहिजे." महिनाभर तो त्या माणसाबरोबर रोज तिथे उभा राहायचा, आणि स्वतःही ग्लास घ्यायचा. अशी किती माणसं सुटली ते त्याने मोजलं नाही. वस्तीतल्या बायका त्याला पाहून पदर सावरून बाजूला व्हायच्या, ते नुसतं वयाला मान म्हणून नव्हे.

निवृत्तीनंतर त्याचं पोट सुटलं. दुपारी तो गळून बसायचा. उजव्या बरगडीखाली जड वाटतं म्हणाला. डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली. वर्षावासाचे दिवस होते. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, आणि वाचणारा भाऊ. दुपार त्याची त्याच्या तयारीत जायची, म्हणून शनिवारी रिपोर्ट आणायला मी गेलो. त्यात लिहिलं होतं फॅटी लिव्हर, ग्रेड दोन. पाकीट देताना काउंटरवरच्या माणसाने सहज विचारलं, "चाचाजी लेते-वेते हैं क्या?"

"नहीं भैया. कभी नहीं."

"फिर भी पूछ लेना घर में. लोग छुपाते बहुत हैं."

त्याचा काही दोष नाही. रोज हजार लोक पाहणारा माणूस. दोष माझा, की मी ते वाक्य खिशात घालून बाहेर पडलो. डॉक्टर सोमवारपर्यंत गावात नव्हते. रिपोर्ट मी ऑफिसच्या बॅगेत ठेवला आणि भावाला सांगितलं, "सोमवारी डॉक्टरच उघडतील." आणि मग माझं मन कामाला लागलं. वडिलांचं पिवळं तोंड आठवलं. भाऊ रोज संध्याकाळी तासभर बाहेर असतो. कुणासोबत? दारुड्यांसोबतच ना. परत येतो तेव्हा तोंडाला वेलचीचा वास. दारूचा वास लपवायला लोक वेलचीच खातात. चाळीस वर्षांचं दूध माझ्या डोळ्यांदेखत नासलं, आणि नासवणारा मीच होतो.

त्याच संध्याकाळी बाजारात सचिव भेटले.

"काय म्हणते भाऊंचा रिपोर्ट?"

मी 'बरं आहे' म्हणू शकलो असतो. म्हणालो, "लिव्हर."

"अरे! काहून?"

तेव्हा मी ते वाक्य बोललो. बोलताना मला वाईट वाटत होतं हे खरं आहे. पण त्या वाईट वाटण्यात थोडी गोडी होती, हेही आज कबूल करतो. आयुष्यभर मी या माणसाचा धाकटा भाऊ म्हणून ओळखला गेलो. ऑफिसच्या पार्टीत मी एक-दोनदा बिअर घेतली होती, ती त्याच्यापासून लपवली होती. तोही माझ्यासारखाच निघाला, असं त्या क्षणी मला वाटलं. आणि हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. भाऊ चष्मा लावून पुढे बसला. चार शीलं झाली. पाचवं सुरू करणार तोच मागून कुणीतरी म्हणालं, "पाचवं जरा हळू म्हणा भाऊ. तुमच्या एकट्यासाठीच हाय."

दोन-चार लोक हसले. भाऊ थांबला. त्याला वाटलं, आपला उच्चार चुकला. त्याने ती ओळ पुन्हा पहिल्यापासून, स्वच्छ म्हटली. या वेळी मागून म्हणणारे आवाज कमी होते.

घरी येताना त्याने विचारलं, "काहून हसले बे ते?"

"मले काय माहीत," मी म्हणालो.

सोमवारी डॉक्टरांसमोर आम्ही दोघं बसलो. त्यांनी रिपोर्ट पाहिला, भावाचं पोट दाबून पाहिलं.

"शराब?"

"नहीं साहब."

"कभी-कभार? शादी-ब्याह में?"

"साहब, मैं तो लोगों की छुड़वाता हूँ."

"अच्छा. दूध-दही?"

भाऊ खुलला. सकाळचं, दुपारचं, कढईतलं, सायीचं, जिलेबीचं, सगळं त्याने अभिमानाने सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि हसले. चिडून नाही, एखादं कोडं सुटल्यासारखे. म्हणाले, न पिणाऱ्यांच्या लिव्हरमध्येही चरबी साठते, आणि त्यांच्याकडे येणाऱ्यांत असे लोक खूप असतात. साखर, मलई, खवा, भाताचे ढीग, निवृत्तीनंतरचं बसणं आणि पोटाचा घेर, हे सगळं मिळून ते होतं. वेळीच आवरलं तर उतरतंही. भावाने घाबरत विचारलं, "तो साहब, दूध बंद?"

"बंद मत कीजिए चाचाजी. बदल दीजिए. मलाई और चीनी छोड़िए, दूध से हमारी कोई दुश्मनी नहीं."

तेव्हा भावाने मान वळवून माझ्याकडे एकदा पाहिलं. मी भिंतीवरच्या तक्त्यातलं यकृत पाहत राहिलो.

त्याच दिवशी मी सचिवांकडे जायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. मी गेलो नाही. त्याऐवजी मी भावाच्या दुधाच्या मागे लागलो.

आहारतज्ज्ञ बाईंनी लिहून दिलेला कागद मी वहिनीच्या फ्रिजवर चिकटवला. म्हशीचा रतीब बंद करवला. रोज सकाळी डबल टोन्ड दुधाची पिशवी मी स्वतः नेऊन द्यायचो. दिवसातून एक कप, बिनसाखरेचं. दही त्याच दुधाचं, घरी लावलेलं, वर साखर नाही. जेवणानंतर पातळ ताक, जिरं घालून, मीठ बेताचं. पनीर हवंच असेल तर याच दुधाचं घरी फाडून, तेही मुठीत मावेल इतकं. तूप दिवसाला एक चमचा, तोही वहिनीने वाढायचा, त्याने नाही. खवा आणि जिलेबी बंद. भात अर्धा करून ज्वारीची भाकरी, आणि ताटात अर्धी जागा भाजीला.

पहिल्या दिवशी भावाने कपात डोकावून पाहिलं. "हे दूध हाय का दुधाचं धुवण?"

"दूधच हाय भाऊ. चरबी काढून घेतलेली."

"मंग उरलं काय त्याच्यात? नाव?"

"ताकत तेवढीच राहते म्हणे. बाईंनी सांगितलं."

"त्या बाईले म्हणा, एक दिवस तुमी प्या." पण तो प्यायला. तोंड वाकडं करत, पण रोज प्यायला. आठ-दहा दिवसांनी वहिनीला म्हणाला, "ताक बरं लागते बरं का. मायच्या हातच्यासारखं. ती बी पाणीच घालत होती, दूध कमी होतं म्हणून."

डेअरीवाले एकदा मला रस्त्यात अडवून म्हणाले, "भैया, हमसे कोई गलती हुई क्या? बड़े भैया दिखते ही नहीं." मी म्हणालो, डॉक्टरांनी मनाई केली. ते कळवळून म्हणाले, "अरे, तो फीका दे देंगे. मलाई हटा के. आएँ तो सही." मी मान हलवली आणि पुढे गेलो. भाऊ डेअरीवर जायचा थांबला होता, पण तो मलईमुळे नव्हे. तिथे त्याला पाहून लोक कोपराने एकमेकांना ढोसू लागले होते, म्हणून.

सकाळी मी त्याला स्कूटरवर ग्वारीघाटला नेऊ लागलो. घाटावरून चालायचं, फुलवाल्यांच्या रांगेपासून नावा लागतात तिथपर्यंत आणि परत. सुरुवातीला एका फेरीत तो दमायचा. पुढे तीन होऊ लागल्या. पट्ट्याचं एक भोक आत आलं, मग दुसरं. ओळखीचं कुणी भेटलं की तो माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायचा, "लहान भाऊ हाय माझा. सख्खी माय करणार नाही इतकं करून राहिला माझ्यासाठी." आणि मी, तो हात खांद्यावर घेऊन, खाली पायऱ्यांकडे पाहत उभा राहायचो. त्याचं लिव्हर हलकं होत होतं. माझ्या छातीवर एकेक धोंडा चढत होता.

कारण तो विहारात जायचा थांबला होता. आधी म्हणाला, चालून दमतो. मग म्हणाला, चष्म्याचा नंबर बदलला. ग्रंथवाचन दुसऱ्याकडे गेलं. अशोक विजयादशमी, आमचा धम्मदीक्षेचा दिवस, जवळ येत होती. वर्षात सर्वात जास्त लोक त्याच दिवशी दारू सोडतात, आणि त्यांच्याकडून पाचवं शील म्हणवून घेणारा इतकी वर्षं भाऊच होता. एक दिवस सचिवांचा निरोप आला: तब्येत सांभाळा, या वर्षी आम्ही दुसरी व्यवस्था करतो.

भावाने निरोप ऐकला आणि म्हणाला, "चलो, बरं झालं."

त्याच आठवड्यात भावाने दोन वर्षांपूर्वी दारू सोडवलेला एक वेल्डर घरी आला. मी तिथेच होतो. तो खुर्चीवर बसलाच नाही.

"भाऊ, एक विचारू? राग नका मानू."

"विचार ना."

"मी तुमच्याकडं पाहून सोडली. आता सोबतचे म्हणतात, ज्यानं सोडवली तोच पिते, तू काहून उपाशी मरून राहिला? चार दिवस झाले, रोज दारूच्या ठेक्यापर्यंत जातो आणि परत येतो."

भावाचा चेहरा मी पाहू शकलो नाही. त्याचा आवाज ऐकला. "मी नाही पीत रे. रिपोर्ट दाखवू तुले?"

"रिपोर्ट नको भाऊ. तुमी म्हटलं, झालं."

"झालं असतं तर तू आला नसता."

वेल्डर गेला. भाऊ आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. मी ताकाची बरणी घेऊन स्वयंपाकघरात गेलो. वहिनी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, तुमी लय करता. दूध आणता, ताक आणता, घाटावर नेता. मी नाही म्हणत नाही. पण त्यांना ताक नाही पाहिजे."

मी बरणीचं झाकण पुन्हा घट्ट केलं.

"रिपोर्ट दोन दिवस तुमच्याच बॅगेत होता ना? रविवारी लोक हसले तेव्हा आम्हाले बी माहीत नव्हतं काय निघालं ते. लोकांना कसं माहीत झालं?"

"भाऊला..."

"डॉक्टरनं दारूचं विचारलं, तेव्हाच समजलं त्यांना. त्याच संध्याकाळी मले म्हणाले, लहान्यानं घाबरून सांगितलं असन कोणाला. तो सांगेल मले, आपण विचारायचं नाही." तिने भाकरी तव्यावर टाकली. "वाट पाहून राहिले. दोन महिने झाले."

म्हणजे घाटावर माझ्या खांद्यावर तो हात ठेवत होता तो सगळं माहीत असून. मला वाटत होतं, मी त्याला फसवतोय. तो मला वेळ देत होता. रोज सकाळी त्या पायऱ्यांवर तो थोडं थांबायचा, नावांकडे पाहत. मला वाटायचं, दम खातोय.

मी बाहेरच्या खोलीत आलो. त्याच्या पाठीला म्हणालो, "भाऊ, येत्या रविवारी विहारात चल."

"काहून?"

"मले बोलायचं हाय."

त्याने कूस बदलली. मग म्हणाला, "मले इथंच सांगितलं तरी चालते बे."

"तुले चालते. पण मी तिकडं बोललो होतो."

रविवारी तो आला. पुढे गेला नाही, दाराजवळ, चपलांच्या बाजूला बसला. वहिनी बायकांमध्ये. वेल्डर आला होता, त्याची बायको आली होती. वंदना झाली. सचिव सूचना वाचायला उठले तेव्हा मी हात वर केला आणि दोन मिनिटं मागितली. ऑफिसातही मी कधी उभा राहून बोललेलो नाही.

मी म्हणालो, "माझ्या भावाच्या लिव्हरमध्ये चरबी आहे. ती दारूची नाही. मलईची आहे, साखरेची आहे, आणि तुमच्यापैकी कितीतरी लोकांना दुधाचा ग्लास देताना त्याने स्वतः घेतलेल्या ग्लासांची आहे. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी शेजारी बसलो होतो. पण त्याच्या दोन दिवस आधी, डॉक्टरांना न विचारता, भावाला न विचारता, मी कांचघरच्या बाजारात सचिव साहेबांना म्हणालो की लिव्हर कशानं जातं ते सांगायला पाहिजे का. सचिव साहेबांची चूक नाही. सख्खा भाऊ सांगतो म्हटल्यावर कुणीही खरं मानेल. खोटं माझं होतं. ते खोटं आहे हे सोमवारी कळलं, तरी आजपर्यंत मी गप्प बसलो. तुमच्यातला एक जण त्यामुळे ठेक्याच्या दारापर्यंत जाऊन आला. त्याचीही मी माफी मागतो. आणि भावावर संशय घेणारा मी स्वतः बिअर प्यायलो आहे, त्याच्यापासून लपवून. पाचवं शील एकट्याने म्हणायचं कुणाला राहिलं असेल, तर ते मला."

कुणी हसलं नाही. मी दाराकडे वळलो. भाऊ मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता आणि सरळ माझ्याकडे पाहत होता. एवढ्या लोकांतून त्याच्यापर्यंत चालत जायला मला वेळ लागला. मी त्याच्यासमोर खाली बसलो. पाठ केलेलं सगळं विसरलो होतो.

"भाऊ," मी म्हणालो, "तू दारू पितो असं मी म्हटलं. माय काळा चहा पीत होती तेव्हापासून मी तुले पाहून राहिलो, तरी म्हटलं. तू विचारलं तेव्हा मले काय माहीत म्हटलं. दोन महिने तुले ताक पाजलं, पण हे नाही सांगितलं. माझं चुकलं. मले माफ कर."